तुमच्या खुर्चीचे पैसे कोण देतं? आयटीतल्या नोकरदाराची पायरी-पायरीने तयारी

मार्च २०२३ मधला गुरुवार. साडेअकराच्या सुमारास कॅलेंडरवर पंधरा मिनिटांची मीटिंग येऊन पडली, विषय नुसता 'कनेक्ट'. ऐरोलीच्या ऑफिसातल्या त्या छोट्या खोलीत माझा मॅनेजर नव्हताच. एचआरची एक मुलगी, स्क्रीनवर बंगळुरूहून कोणीतरी, आणि टेबलावर छापून ठेवलेला माझा राजीनामा, माझ्या नावासकट आणि तारखेसकट. चहा गार व्हायच्या आत मी सही करून मोकळा झालो. त्या सहीत मी काय काय घालवलं ते पुढे सांगतो, कारण बरेच जण अजूनही तेच करतात.

हे लिखाण मुंबई-ठाणे-नवी मुंबईत आयटीत असलेल्या, पस्तिशी ओलांडलेल्या, घराचा हप्ता चालू असलेल्या माणसासाठी आहे. फ्रेशरांची दुखणी वेगळी, ती इथे घेतलेली नाहीत.

आधी हवा कशी आहे ते दोन ओळींत. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे २ टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसं कमी करणार असं जाहीर केलं, आणि त्यातली बहुतेक मधल्या आणि वरच्या फळीतली असतील हेही सांगून टाकलं. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नव्या एच-वन-बी, म्हणजे तिथे काम करायच्या व्हिसाच्या, अर्जावर एक लाख डॉलरची फी लावली. 'ऑनसाइटला, म्हणजे परदेशी क्लायंटकडे, जाऊन येऊ' हा आपला जुना तोडगा त्याने महाग केला. मुंबईत घाव जास्त बसतो, कारण इथे पगाराचा मोठा भाग घराच्या हप्त्यातच जातो.

पायरी पहिली: खुर्चीचा हिशोब मांडा

'कंपनी मोठी आहे' ही सुरक्षितता नव्हे. तुमच्या खुर्चीचे पैसे ज्या खिशातून येतात तो खिसा कोणाचा, आणि तो कधी बंद होणार, हे माहीत असायला हवं. एका संध्याकाळी वही घेऊन बसा आणि पुढच्या प्रश्नांची उत्तरं लिहा.

माझं काम कोणत्या क्लायंटला बिल होतं? तासावर की ठरलेल्या रकमेवर? सध्याची पीओ, म्हणजे क्लायंटची पर्चेस ऑर्डर, कोणत्या महिन्यापर्यंत आहे? माझं बिलिंग आणि माझा पगार यांत अंतर किती? क्लायंटकडे माझं नाव ओळखणारी किती माणसं आहेत? मी जे करतो ते चालू सिस्टिम सांभाळणं आहे की नवीन काही उभं करणं?

मी हा कागद २०२३ नंतर केला आणि थक्क झालो. आठ वर्षांत माझ्या प्रोजेक्टची पीओ दरवर्षी मार्चमध्ये नवी होते, हे मला ठाऊकच नव्हतं. मार्चमध्ये मला काढलं यात मग नवल ते काय? पीओची तारीख मेलवर विचारू नका. डिलिव्हरी मॅनेजरला चहाच्या टपरीवर विचारा, तो सांगतो. न सांगता विषय बदलला तर तेही उत्तरच.

वही भरली की धोक्याच्या खुणा आपोआप दिसू लागतात. क्लायंटने दोन-तीन व्हेंडरांचं, म्हणजे तुमच्यासारख्या कंपन्यांचं, काम एकाकडे द्यायचं ठरवलं असेल. तुम्हाला अचानक 'नॉलेज ट्रान्स्फरचे', म्हणजे आपलं काम दुसऱ्याला शिकवण्याचे, व्हिडिओ करायला सांगितले असतील. कोणी सोडून गेल्यावर त्याची जागा भरली गेली नसेल. चांगल्या रेटिंगनंतर सहा महिन्यांत पीआयपीचा, म्हणजे 'ठरल्या मुदतीत कामगिरी सुधारा' या नोटिशीचा, विषय निघाला असेल. यातली एक खूण असली तर लक्ष ठेवा. दोन एकदम दिसल्या तर त्याच आठवड्यात पुढच्या पायऱ्या सुरू करा.

पायरी दुसरी: घरचा आकडा

'सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा' हे सगळेच सांगतात, पण खर्च किती हे कोणी मोजत नाही. बँकेचं स्टेटमेंट उघडा आणि फक्त टाळता न येणारं लिहा. माझ्या डोंबिवलीतल्या घराचा कागद असा होता: ६० लाखांचं कर्ज, २० वर्षं, साडेआठ टक्के, हप्ता सुमारे ५२ हजार. सोसायटी मेंटेनन्स साडेचार हजार. मुलीची शाळा ९ हजार. किराणा, दूध, भाजी, गॅस १८ हजार. वीज, फोन, नेट साडेचार. आईची औषधं ४. मेडिक्लेमचा महिन्याचा वाटा साडेतीन. पास आणि रिक्षा अडीच. बेरीज ९८ हजार. सहा महिन्यांचे ५ लाख ८८ हजार.

आकडा बघून धडकी भरते, पण तो एकदम जमवायचा नसतो. पहिलं लक्ष्य तीन हप्ते, बाकी काही नाही. कारण कर्जाचा हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे बुडीतच्या यादीत जमा, होतं आणि मग बँक वेगळ्या सुरात बोलू लागते. नोकरी गेलीच तर पहिला हप्ता चुकायच्या आधी शाखेत जाऊन बोला, नंतर नको. जादा पैसे हाती असतील तर कर्जात भरून टाकण्यापेक्षा होम लोन ओव्हरड्राफ्ट खात्यात ठेवणं मला बरं वाटतं. व्याज वाचतं आणि गरज पडली की काढता येतात. कर्जात भरलेले पैसे मागितले तर परत मिळत नाहीत.

आणि मेडिक्लेम. कंपनीचा मेडिक्लेम साधारण शेवटच्या दिवशी संपतो. स्वतःची पॉलिसी नोकरी असतानाच घ्या, कारण आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, आणि ते घड्याळ पॉलिसी घेतल्या दिवसापासून सुरू होतं. बीपीची गोळी चालू झाल्यावर जागं होऊन उपयोग नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, तेवढाच हात सैल झाला. आधीच नोकरी गेली असेल तर त्याच विमा कंपनीकडे ग्रुपमधून वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का ते मुदतीच्या आत विचारा. थांबायचा काळ त्यात जमेला धरला जातो.

पायरी तिसरी: कागदपत्रं

ही कंटाळवाणी पायरी, लवकर उरकू. नेमणूकपत्र, प्रत्येक वाढीचं पत्र, सगळ्या सॅलरी स्लिप, फॉर्म १६, रेटिंगची पत्रं स्वतःच्या घरच्या कॉम्प्युटरवर असू द्या. लॅपटॉप काढून घेतला की पोर्टलही त्याच मिनिटाला बंद होतं. फक्त स्वतःचे कागद घ्या. क्लायंटचा कोड, डेटा, डॉक्युमेंट यांतली एक ओळही बाहेर नेऊ नका, त्यावरून खरोखर कारवाई होते. यूएएनला, म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबराला, सध्याचा मोबाइल नंबर जोडलेला आहे ना, आणि आधीच्या कंपनीने पीएफमध्ये सोडल्याची तारीख भरली आहे ना, हे आज रात्री बघा. नेमणूकपत्रातला नोटीस पिरियडचा परिच्छेद एकदा मोठ्याने वाचा. माझं पत्र कपाटातल्या फायलीत आठ वर्षं तसंच पडलं होतं.

पायरी चौथी: शिकायचं काय?

इथे जरा थांबतो, कारण लोक सर्वांत जास्त पैसे आणि रविवार इथेच वाया घालवतात. सर्टिफिकेटांची माळ गळ्यात घालून कोणाची खुर्ची वाचलेली मी पाहिली नाही.

आमच्या टीममधली गोष्ट सांगतो. सध्या मी एका बँकेच्या आयटीत आहे. यूपीआयचा रोजचा ताळमेळ असतो: व्यवहार पुढे पाठवणाऱ्या स्विचच्या फाइलमधले व्यवहार आणि कोअर बँकिंगमधल्या, म्हणजे खात्यांच्या मूळ सिस्टिममधल्या, नोंदी जुळवायच्या. एका हुशार मुलाने एआय टूलकडून त्याची क्वेरी पाच मिनिटांत लिहून घेतली. क्वेरी धडाधड चालली, एरर शून्य. पण शेजारी बसणाऱ्या ताईंनी आकडा बघून मान हलवली, "शनिवारी एवढे व्यवहार कसे होतील?" त्यांनी बारा वर्षं शाखेत काउंटरवर काढली आहेत. मग सापडलं. खात्यातून पैसे गेले, समोर पोचले नाहीत, परत आले, अशा एका व्यवहाराच्या दोन ओळी असतात. टूलने त्या दोन वेगळे व्यवहार म्हणून मोजल्या होत्या. त्या ताईंना जावा येत नाही. त्यांना काढायचं कोणाच्या मनातही येत नाही.

तेव्हा शिकण्याचे दोन धागे धरा. एक, टूल वापरायला शिका, मनापासून. कंपनीने मान्य केलेलं टूल घ्या. क्लायंटचा डेटा बाहेरच्या फुकट टूलमध्ये चिकटवणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं. आपल्याच रोजच्या कामातला एक कंटाळवाणा तुकडा निवडा, टेस्ट केसेस, लॉग वाचणं, रिपोर्ट, काहीही. सहा आठवड्यांत तो अर्ध्या वेळात होईल असं करा. आधी किती तास लागायचे आणि आता किती, हे लिहून ठेवा. मुलाखतीत हेच एक वाक्य कामाला येतं.

दोन, धंदा शिका. आणि मुंबईकराला यासाठी वणवण करावी लागत नाही. रिझर्व्ह बँक, दोन्ही शेअर बाजार, यूपीआय चालवणारी एनपीसीआय, मोठ्या खाजगी बँका, विमा कंपन्या, म्युच्युअल फंड, सगळं या एका शहरात. पुण्या-बंगळुरूकडे नाही असं हे भांडवल आहे, आणि आपण ते लोकलच्या खिडकीतून बघत घरी जातो! जानेवारी २०२३ पासून शेअरांचा व्यवहार दुसऱ्या दिवशी पुरा होऊ लागला, तेव्हा किती सिस्टिम बदलाव्या लागल्या असतील याचा विचार करा. सायबर घटना घडली की सहा तासांत सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेला कळवावी लागते. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. युरोपातल्या बँकांना जानेवारी २०२५ पासून डोरा नावाचा, सिस्टिम भक्कम ठेवण्याचा नियम लागू झाला आणि त्यांची कामं करणारे लोक गोरेगाव-पवईत बसतात. नियम बदलला की काम निघतं, आणि ते काम नियम कळणाऱ्यालाच मिळतं. तुमच्या क्लायंटच्या धंद्यातला असा एकच नियम घ्या आणि त्याचं मूळ परिपत्रक वाचा. सारांश वाचून भागत नाही.

वेळ कुठून आणायचा हा प्रश्न खरा आहे. डोंबिवली-ठाणे-ऐरोली प्रवासात पुस्तक उघडायलाही जागा नसते. मी मंगळवार आणि गुरुवार सकाळी सहा ते सात ठेवले. रविवार घरच्यांचा.

पायरी पाचवी: ओळखी, गरज नसताना

तीस नावांची यादी करा: जुने सहकारी, जुने मॅनेजर, क्लायंटकडची माणसं, कॉलेजची. आठवड्याला दोघांना फोन. नोकरी मागायची नाही. "नमस्कार सर, तुमच्याकडे ते मायग्रेशन झालं का पुरं? आम्ही आता तेच करतोय, एक शंका होती," एवढं पुरतं. आपल्याला असे फोन करायचा संकोच वाटतो, 'कामापुरता मामा' म्हणतील अशी भीती. काम नसताना केलेल्या फोनला तसं कोणी म्हणत नाही. मला आत्ताची नोकरी अशाच एका जुन्या टेस्टरमुळे लागली, ज्याला मी वर्षभर आधी फक्त मुलाच्या बारशाच्या शुभेच्छा दिल्या होत्या. पोर्टलवर टाकलेल्या अर्जांपैकी एकाचंही उत्तर आलं नव्हतं. नोकरी लावून देतो म्हणून कोणी 'रजिस्ट्रेशन'चे पैसे मागितले तर फोन ठेवा.

पायरी सहावी: बेंचवर आलात तर

माझे वडील परळच्या गिरणीत १९८२ च्या संपाआधी चार वर्षं बदली कामगार होते. सकाळी पाळीच्या भोंग्याला गेटवर उभं राहायचं. कायमवाला आला नाही तर त्या दिवसाचं काम मिळायचं, नाही तर घरी. बेंच म्हणजे एक प्रोजेक्ट संपून दुसरा मिळेपर्यंत नुसतं बसणं. तिथला माणूस म्हणजे एसीत बसलेला बदली कामगार, फरक इतकाच की पगार काही दिवस चालू असतो. किती दिवस, ते आता मोजलं जातं. टीसीएसने जून २०२५ मध्ये वर्षाला २२५ बिलेबल, म्हणजे क्लायंटला बिल लागणारे, दिवस आणि जास्तीत जास्त ३५ दिवस बेंच असा नियम केला.

तेव्हा बेंचवर पहिल्या दिवसापासून आरएमजीला, म्हणजे प्रोजेक्टवर माणसं लावणाऱ्या विभागाला, आठवड्यातून एकदा मेल: मला काय येतं, कोणत्या जागांसाठी नाव दिलं, काय उत्तर आलं. हा मेल काम मिळण्यासाठी आहे आणि पुरावा म्हणूनही. शहर किंवा शिफ्टवरून आलेली जागा नाकारणार असाल तर कारण लेखी द्या. तोंडी नकार पुढे 'सहकार्य केलं नाही' असा लिहिला जातो. आणि बाहेर शोधणं त्याच दिवशी सुरू करा, पस्तिसाव्या दिवशी नाही.

पायरी सातवी: बोलावणं आलं

आता त्या राजीनाम्याकडे. छापलेल्या तारखेला माझी नोकरी ८ वर्षं ५ महिने १९ दिवस भरत होती. ग्रॅच्युइटीचा तेव्हाचा हिशोब असा: शेवटचा बेसिक गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं. पाच वर्षं पुरी झाली की मिळते, आणि वरचे महिने सहाहून जास्त असतील तर पूर्ण वर्ष धरतात. माझा बेसिक ६० हजार. आठ वर्षांचे २,७६,९२३ आले. आणखी पंधरा दिवस थांबलो असतो तर नऊ वर्षांचे ३,११,५३८. शिवाय नेमणूकपत्रात दोन्ही बाजूंनी ९० दिवसांची नोटीस होती. 'तात्काळ राजीनामा' म्हटल्यावर मला एका महिन्याचा पगार देऊन वाटेला लावलं. पत्र वाचलेलं असतं तर एवढं तरी बोललो असतो.

म्हणून खोलीत गेल्यावर हे करा. ऐका, भांडू नका, रडू आलं तर येऊ द्या. पण सही त्या दिवशी करायची नाही. "मला हे घरी वाचायला दोन दिवस हवेत, कृपया मेल करा," एवढंच वाक्य, तेच पुन्हा. 'आज सही नाही केली तर रिलीव्हिंग लेटर मिळणार नाही' असं म्हटलं तर तेही मेलवर मागा. ते मेलवर सहसा येत नाही.

दोन दिवसांत ठरवा. राजीनामा म्हणजे तुम्ही स्वखुशीने सोडलं. मग कामगार कपातीची भरपाई, म्हणजे वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार, मागता येत नाही. ती भरपाई कायद्याने 'कामगार' ठरणाऱ्यालाच आहे. महिना १८ हजारांहून जास्त पगारावर देखरेखीचं काम करणारे आणि व्यवस्थापक यांना ती नाही. पण पद काय यापेक्षा रोजचं काम काय हे कोर्ट बघतं. कार्डवर 'मॅनेजर' आणि दिवसभर कोडिंग करणारा, कोणाची रजाही मंजूर न करणारा माणूस आपला मुद्दा मांडू शकतो. मुंबईत कामगार आयुक्तांचं कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात आहे. पुण्याची नाइट्स ही आयटी कर्मचाऱ्यांची संघटना अशा तक्रारी सरकारपुढे नेते. वकिलाला एकदा पैसे देऊन कागद दाखवा.

माझं मत विचाराल तर लढायची ताकद आणि वेळ असेल तर लढा. बहुतेकांना पुढच्या नोकरीच्या बॅकग्राउंड तपासणीची धास्ती असते, आणि त्यात काही चूक नाही. मग राजीनामाच द्यायचा तर भाव करून द्या: पूर्ण नोटीस पगार, वर ठरतील तेवढे महिने, मेडिक्लेम आणखी तीन महिने, शिल्लक रजेचे पैसे, आणि रिलीव्हिंग व एक्स्पीरियन्स लेटरची तारीख. सगळं एका मेलवर, सहीच्या आधी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यात सोडल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत पगाराचा हिशोब चुकता करायचा आहे. 'एफएनएफला (शेवटच्या हिशोबाला) पंचेचाळीस दिवस लागतात' हे उत्तर ऐकून गप्प बसू नका.

पायरी आठवी: त्यानंतरचे दिवस

घरी त्याच संध्याकाळी सांगा. मी सांगितलं नाही. तीन दिवस नेहमीची लोकल पकडून ठाण्याला उतरलो आणि तलावपाळीवर बसून राहिलो. चौथ्या दिवशी सांगितलं तेव्हा बायकोने नोकरीचं काही विचारलंच नाही. म्हणाली, "मग तीन दिवस डबा कुठे खाल्लास?" मग तिनेच कागद ओढून दुसऱ्या पायरीतला आकडा ९८ हजारांवरून ८९ वर आणला.

पीएफला हात लावू नका. खातं तसंच राहिलं तरी व्याज चालू राहतं, २०२४-२५ चा दर ८.२५ टक्के होता. सलग पाच वर्षांच्या आत काढला तर कर लागू शकतो. पेन्शनचा भाग काढून घेतलात तर पेन्शनसाठी लागणाऱ्या दहा वर्षांची मोजणी पुन्हा शून्यापासून. नवी नोकरी लागली की त्याच यूएएनवर ट्रान्स्फर करा. रजेचे पैसे आणि ग्रॅच्युइटी यांवरचा कर बघून घ्या: खाजगी नोकरीत रजेच्या पैशांना २५ लाखांपर्यंत आणि ग्रॅच्युइटीला २० लाखांपर्यंत, त्या-त्या हिशोबाच्या मर्यादेत, सूट आहे. कंपनीने जास्त कापला असेल तर रिटर्नमध्ये परत मिळतो.

मुलाखतीत 'का सोडली' विचारतील. "प्रोजेक्ट बंद झाला, त्यात माझी जागा गेली." एवढंच. जुन्या कंपनीची निंदा नको. पगाराचा आकडा खोटा सांगू नका, स्लिप आणि पीएफची नोंद ते तपासतात. पहिली ऑफर कमी पगाराची असेल तर लगेच नाही म्हणू नका, तिथे ती वही पुन्हा काढा: खुर्चीचे पैसे कोण देतो, आणि किती वर्षं देणार. मी १५ टक्के कमी घेऊन बँकेत आलो, कारण इथे क्लायंट आणि मालक एकच आहे.

आणि रुजू होताना एक करा, जे मी केलं नाही. त्याच आर्थिक वर्षात आधीच्या कंपनीकडून मिळालेला पगार आणि कापलेला कर नव्या कंपनीला लेखी कळवा. नाही कळवलं तर दोन्ही कंपन्या करातली सूट वेगवेगळी धरतात आणि कर कमी कापला जातो. जुलै २०२४ मध्ये रिटर्न भरायला बसलो तेव्हा ४३ हजार एकदम भरावे लागले.